इंदुबाईनं नक्की कुणाला मारलं?

खून इंदुबाईनंच केला, याबद्दल कासू स्टेशनपासून खाडीपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. कुणाचा केला आणि कशापायी केला, हे मात्र कुणाला म्हणजे कुणालाच सांगता येत नव्हतं. खुद्द इंदुबाईलाही नाही, आणि खरा घोळ तिथंच होता.

घाबरू नका. पोलिसांची गाडी वगैरे काही आली नाही. हा खून टीव्हीतला. ‘काळं खाजण’ नावाच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, अगदी शेवटच्या भागात, अगदी शेवटच्या क्षणाला इंदुबाईचा चेहरा पडदाभर दिसतो. ती कुठंतरी एकटक बघत असते. बघतच राहते. आणि मग काळोख, आणि खालून वर नावं सरकायला लागतात. संपलं! आठ भाग जीव मुठीत धरून बसलेल्या माणसांच्या पदरात एवढंच. आता सांगा, माणूस चिडेल की नाही?

पण इंदुबाई त्या मालिकेत गेलीच कशी, ते आधी ऐका.

इंदुबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, दक्षिणा घेतात आणि दुसऱ्या लग्नाला पळतात. पण लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला, म्हणजे विधीचं गाणं, असतो, आणि तो म्हटल्याशिवाय ते काम झालं असं कुणी धरत नाही. इंदुबाई सून म्हणून या गावात आली तेव्हा मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायची. पायांना चिरा, डोक्यावर चुंबळ, आणि पुढं सासू काशीबाई धवले म्हणत चाललेली. त्या तालावरच पाट्या उचलायच्या. असं वाहता वाहता सगळं तोंडात बसलं. मिठागर गेलं, सासू गेली, धवले राहिले. आज पेणपासून रोह्यापर्यंत हळद म्हटली की इंदुबाईला बोलावणं. ऊन असो, ताप असो, बाई जाणार. एकदा तर दात काढलेल्या दिवशी गेली होती, तोंडात कापूस घेऊन. नवरीच्या आईनं नको म्हटलं तर हिनं हातानंच गप्प बस म्हणून सांगितलं.

एकच दुःख होतं तिला. शिकायला कुणी नाही. नात प्रतिक्षा, पेणला औषधांच्या दुकानात कामाला जाते, तिला कितीदा सांगून पाहिलं. ती म्हणायची, “आज्ये, एवढं लांबलचक कोण पाठ करील? तू हायस ना!” जशी काय इंदुबाई अमरपट्टा घेऊन आली होती.

तर तीन वर्षांपूर्वी पेणच्या रामवाडीतल्या श्यामलाबाईंचा मुलगा श्रेयस गावात आला. श्यामलाबाई शाळेत शिक्षिका होत्या, इंदुबाई वर्षानुवर्षं त्यांच्या दारी वाल आणि मीठ घेऊन जायची, त्यामुळे पोरगा तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तो मुंबईत मालिका लिहायचा. म्हणाला, “आजी, आमच्या गोष्टीत हळद आहे. तुम्ही खरा धवला म्हणाल का?” इंदुबाई हरखली. नवी साडी नेसून गेली.

खाडीच्या कडेला मांडव घातला होता. पाटावर कुणी मुंबईची मुलगी नवरी होऊन बसलेली, तिला खरी हळद चालत नाही म्हणून कसलासा पिवळा रंग लावलेला. इंदुबाईनं डोळे मिटले आणि हळदीचा धवला सुरू केला. या धवल्याचे दोन भाग. पहिल्या भागात हळद कुठून आली, कुणी दळली ते सांगत एकेका देवाला मांडवात बोलवायचं. गावदेवी आली, कुळाचा देव आला, गेलेले वाडवडील आले. दुसऱ्या भागात त्या सगळ्यांसमोर नवरीला हळद लावायची, आशीर्वाद मागायचा आणि त्यांना परत आपापल्या ठिकाणी पोचवायचं. काशीबाईची शिकवण होती, बोलावलेला देव मांडवात ताटकळत ठेवायचा नाय.

पहिला भाग संपला आणि कुणीतरी ओरडलं, “कट!”

“आरे थांब, पुरा करू दे,” इंदुबाई म्हणाली.

“नको आजी, एवढंच पाहिजे होतं. मस्त झालं!” श्रेयस म्हणाला. त्याच्या गोष्टीत गाणं मध्येच तुटायचं होतं, कारण पाट रिकामा असतो, नवरी नाहीशी झालेली असते. इंदुबाईला मग एका जागी उभं करून लांब बघायला सांगितलं. ती बघत राहिली. तोवर मागं माणसांनी मांडव सोडायलाही घेतला होता. ती घरी आली. मनात जरा टोचलं. मग तिनं स्वतःची समजूत घातली, मांडव खोटा, नवरी खोटी, हळद तर रंगाचीच, मग देव तरी कशाला खरे आले असतील?

पहिला सीझन आला आणि अहो, काय सांगावं! गावानं समाजमंदिरासमोर पडदा लावून बघितला. नाहीशी झालेली नवरी, तिला खाडीकाठच्या खाजणात शोधत फिरणारा तो तिरसट इन्स्पेक्टर, आणि ऐन रंगात तुटणारा इंदुबाईचा आवाज. माणसं घरी गेली तरी बोलत होती. पेणच्या बाजारात कोळणींनी तिला बोंबील घेतल्यावर वर आणखी बोंबील घातले. इंदुबाई मोहरून गेली होती. नवरी शेवटपर्यंत सापडत नाही, म्हणून सगळे दुसऱ्या सीझनची वाट बघत बसले.

आणि आला तो दुसरा सीझन!

या खेपेला इंदुबाईचा मुलगा पुंडलिक यानं घरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या भागातच इंदुबाईचा धवला लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत ‘धडाम’ असा आवाज होऊन एका नवरीला खाडीत पालथं पाडलेलं दाखवलं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. दुसऱ्या भागात पुन्हा धवला, पुन्हा धडाम, पुन्हा नवरी. मग ते चालूच राहिलं. धवला लागला की समजायचं, आता मेलीच कुणीतरी. इन्स्पेक्टर मध्येच उठून गोव्याला गेला. का गेला? काही कारण नाही. पहिल्या सीझनमधली हरवलेली नवरी? तिचं नावही कुणी घेतलं नाही. आणि शेवटी एवढा उत्पात करून झाल्यावर कोण दिसावं? इंदुबाई. लांब बघत.

ओटीवरची सगळी डोकी तिच्याकडे वळली.

“म्हंजे तू मारलंस?” शेजारीण म्हणाली.

“मी? मी तर तिकडं बगळा बघत होते,” इंदुबाई म्हणाली. आणि खरंच, त्या दिवशी खाडीत बगळा होता.

तिचा नवरा महिपती कोपऱ्यात विडी वळत बसला होता. तो म्हणाला, “ही जीव घेते हे मला लग्नापास्नं ठाऊक हाय. सरकारला आता कळलं.” सगळे हसले. इंदुबाईही हसली.  पण दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं पुन्हा सगळं बघितलं. नाय समजलं.

मग सुरू झाला लोकांचा मारा. इंदुबाई ही सगळ्यांच्या ओळखीची, हाताशी सापडणारी, त्या मालिकेतली एकमेव व्यक्ती. मुंबईच्या लोकांना कुठं जाऊन धरणार? धरलं इंदुबाईला. मिनीडोर रिक्षात बसली तर ड्रायव्हर मान वळवून विचारायचा, “आजी, पण तो इन्स्पेक्टर गोव्याला कशाला गेला?”

“मला काय माहीत, बाबा? सुट्टी असंल. तू पुढं बघ.”

पेणला मेथीची जुडी निवडत होती, तर एक चष्मेवाला गृहस्थ पिशवी खाली ठेवून तावातावानं म्हणाला, “पहिला सीझन किती छान बांधला होता हो! दुसऱ्यात माती केलीत तुम्ही!” जणू हिनंच रात्रभर जागून लिहिला होता. संध्याकाळी प्रतिक्षा मोबाईलवर लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायची. कुणी लिहिलं होतं, वेळ फुकट घालवला. कुणी लिहिलं होतं, म्हातारीला भूत लागलेलं आहे, तिसऱ्या सीझनमध्ये उलगडा होणार. कुणी म्हणे, म्हातारी पहिल्या सीझनमध्येच मेली होती, नीट बघा.

“मी मेले कधी?” इंदुबाईनं विचारलं.

“आज्ये, तसं नाय गो...” प्रतिक्षा म्हणाली आणि कसं समजवावं हे तिलाही सुचेना.

इथवर सगळी गंमतच होती. पण प्रतिक्षाचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा रोह्याचा, हितेश, कंपनीत शिफ्टला जाणारा, सरळ पोरगा. इंदुबाईनं आजवर शेकडो पोरींना हळद लावली होती, पण मनात हीच एक हळद होती. प्रतिक्षा पाळण्यात असल्यापासून ती म्हणायची, “हिला मी अशी हळद लावीन की देवांना परत जावंसं वाटणार नाय.” आणि लग्नाला थोडे दिवस उरले असताना हितेशची आई अनिता रोह्याहून आली. चहा झाला, साड्या बघून झाल्या, आणि मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“आजी, एक बोलू का? राग मानू नका.”

“बोल गो.”

“सगळे धवले म्हणा तुम्ही. फक्त हळदीचा तेवढा नको.”

“का गो?” इंदुबाईनं विचारलं.

“मी काय खुळी नाय,” अनिता घाईघाईनं म्हणाली. “टीव्हीत खोटं असतं, मला समजतं. पण आमच्या आळीत एका हळदीला कुणीतरी गंमत म्हणून स्पीकरवर तोच लावला, तर नवरीची आई चक्कर येऊन पडली. माझी लेक दिशा तर दिवसभर तेच गुणगुणत असते, माझ्या अंगावर काटा येतो. उष्टी हळद घेऊन आम्ही बायका येणार, आणि तो धवला लागला तर... माझा एकुलता मुलगा हाय, आजी. त्याची बायको हाय ती.”

शेवटचं वाक्य बोलताना अनिताचा आवाज कापला. तिला शिव्या द्याव्यात असं काही नव्हतंच त्यात. हेच तर वाईट होतं. शिव्या देता आल्या असत्या तर इंदुबाईला बरं वाटलं असतं.

अनिता गेल्यावर पुंडलिक म्हणाला, “आये, एक धवला सोडला तर काय बिघडतंय? बाकीचे हायेत की.”

“तुझ्या लग्नात नवरी सोडली असती तर चाललं असतं का तुला?” इंदुबाई कडाडली. पुंडलिक मुकाट्यानं बाहेर गेला.

पण खरं सांगायचं तर कडाडण्यामागं भीती होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तिला वाटायला लागलं होतं की हे सगळं आपल्यामुळंच झालं. लोक काय म्हणत होते? गोष्ट अर्धवट सोडली, शेवटच नाही, हरवलेली ती हरवलेलीच. मग अर्धवट काय राहिलं होतं? धवला! देवांना बोलावून घेतलं आणि त्या मोकळ्या खाडीकाठी तसंच टाकून ती घरी आली. मांडव सोडून नेला, देव राहिले. ताटकळले. मग असल्या कामात यश कसं येणार? मुंबईचे शहाणे मोबाईलवर कारणं शोधत होते, आणि खरं कारण इथं कासूला चुलीपुढं बसून वाल सोलत होतं. पण मग लगेच दुसरं मन म्हणायचं, आगो, मांडव खोटा होता! आणि तिसरं मन म्हणायचं, मांडव खोटा होता, पण तुझा आवाज तर खरा होता की. तीन मनांच्या भांडणात बाईला झोप लागेना.

शेवटी एक दिवस तिनं मेमू गाडी पकडली, पेणला उतरली आणि रामवाडीत श्यामलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

“इंदुबाई! या, या. बरं झालं आलात,” श्यामलाबाई म्हणाल्या आणि आवाज बारीक करून पुढं म्हणाल्या, “महिना झाला, श्रेयस घरीच आहे. दाढीसुद्धा करत नाही.”

श्रेयस आतल्या खोलीतून आला. इंदुबाई त्याला चांगलं खडसवणार होती, वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला फक्त एकच प्रश्न आठवला.

“बाला, मी कुणाला मारलं ते तरी सांग.”

श्रेयस हसायला लागला. मग हसता हसता खाली बसला. “आजी, देवाशपथ मला माहीत नाही. दुसरा सीझन मी लिहिलाच नाही. मला मध्येच काढलं. त्यांना म्हणे जास्त खून पाहिजे होते. मी तर बघितलासुद्धा नाही, धीरच होत नाही. तुम्ही बघितलात?”

“दोनदा.”

“कळलं काही?”

“नाय.”

 श्यामलाबाईंनी चहा आणून ठेवला तो निवत चालला.

“माझा धवला त्यातनं काढून टाक,” इंदुबाई म्हणाली. “माझ्या नातीची हळद हाय.”

“आता नाही निघत, आजी. सगळीकडे गेलाय. माझ्याही हातात नाही आणि त्यांच्याही नाही.”

“मग त्या हरवलेल्या नवरीचं काय झालं, ते तरी तुला ठाऊक असंल.”

श्रेयसनं मान खाली घातली. “मी तिला परत आणणार होतो. पाटावर बसवणार होतो आणि तुम्ही राहिलेला धवला म्हणणार होतात. तसंच लिहिलं होतं मी.”

 इंदुबाई ज्याच्यावर चिडायला आली होती त्याच्यावर चिडता येत नव्हतं. ज्यांच्यावर चिडायचं ते कुठं राहतात ते माहीत नव्हतं. चहा पिऊन ती उठली, आणि जाता जाता त्या पोराला म्हणाली, “दाढी कर. आईला घोर लागतो.”

तिनं ठरवून टाकलं. नाही म्हणायचा तो धवला. पोरीचं सासर पहिल्या दिवसापासून नाराज नको.

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर रोह्याहून टेम्पो आला. अनिता पुढं, हातात उष्ट्या हळदीचं ताट. मागून तिची कॉलेजातली मुलगी दिशा आणि नटूनथटून आलेल्या बायका. मांडवात गर्दी झाली. प्रतिक्षा पाटावर बसली होती, आणि इंदुबाई तिच्या उजव्या हाताला. चुनाचा विधी झाला, तेलवण झाली, त्या त्या कामाचे धवले झाले. इंदुबाईचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. मग हळदीचं ताट पुढं आलं आणि इंदुबाई गप्प झाली. सुनेला, म्हणजे प्रतिक्षाच्या आईला, तिनं हातानं खूण केली, लावून घ्या हळद.

प्रतिक्षानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

“काय गो?” तिची आई म्हणाली.

“माझा धवला कुठाय?” प्रतिक्षा म्हणाली. “नाय लावून घेणार मी. मुकी हळद मढ्याला लावतात.”

मांडवात कुजबूज उठली. शुभकामात हे काय बोलणं! इंदुबाईनं नातीच्या पाठीत धपाटा घातला, आणि नकळत तिची नजर अनिताकडे गेली. सगळ्यांचीच गेली. अनिता लालबुंद झाली होती. ती काही माणसांतून उठलेली बाई नव्हती. 

“म्हणा आजी,” ती म्हणाली. “मी डोळे मिटून घेते. काय व्हायचं ते होऊ दे.” आणि खरंच तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

इंदुबाईनं तोंड उघडलं. पण आवाज आला नाही.

असं आजवर कधीच झालं नव्हतं. ताप असताना नाही, दात काढला त्या दिवशी नाही. पहिला शब्द जिभेवर होता, आणि डोळ्यांसमोर मात्र ती खाडी, तो चिखल, आणि त्यात पालथी पडलेली पिवळी नवरी. आणि त्या नवरीची वेणी प्रतिक्षाच्या वेणीसारखी. बाकीच्या बायकांना भीती वाटते म्हणून ती धवला सोडायला निघाली होती. आता तिला कळलं की सगळ्यांत जास्त ती स्वतःच घाबरली आहे. तिनंही तर तो खेळ दोनदा बघितला होता!  हातातलं हळकुंड खाली पडलं. देवा, तिच्या मनात आलं, मी म्हटला आणि खरंच काही झालं तर? आणि नाही म्हटला तर या पोरीची हळद माझ्या तोंडून कधीच व्हायची नाही.

“आज्ये?” प्रतिक्षानं हळूच विचारलं.

इंदुबाईनं मान हलवली. नाही जमत.

तेव्हा प्रतिक्षानं स्वतःच सुरू केला. भसाडा आवाज, सूर कुठल्या कुठं. नवरीनं आपल्याच हळदीचा धवला म्हणायचा, असं आजवर या गावात कुणी ऐकलं नव्हतं. पण शब्द बरोबर होते. दुसऱ्या ओळीला मागून आणखी एक आवाज आला. ती दिशा होती. तिसऱ्या ओळीला शेजारच्या पोरी, पुंडलिकच्या भाच्या, रोह्याहून आलेल्या कॉलेजच्या मुली, सगळ्याच म्हणायला लागल्या. इंदुबाई चक्रावून बघत होती. ज्या पोरींना बोलावून बोलावून ती थकली होती, त्यांना सगळं तोंडपाठ! गावदेवी आली, कुळाचा देव आला, वाडवडील आले, एक देव चुकला नाही. मालिकेत जिथं ‘धडाम’ व्हायचं तिथं त्या भवान्यांनी तोंडानं “धडाम!” केलं आणि स्वतःच खिदळल्या. रोह्याची एक बाई दचकून ओरडली, आणि मग तीही हसली.

आणि मग सगळ्या एकदम थांबल्या.

पुढचं कुणालाच येत नव्हतं. येणार कुठून? मालिकेत धवला इथंच तुटतो. मांडव एकदम गप्प झाला. त्या गप्पपणात काय होतं ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. इथंच नवरी नाहीशी होते. अनितानं दचकून डोळे उघडले. सगळ्यांनी एकाच वेळी पाटाकडे बघितलं.

प्रतिक्षा पाटावरच होती. कपाळावर घाम, नाकावर सुनेच्या हातातली चुकून लागलेली हळद, आणि डोळे आजीकडे.

 इंदुबाईनं नातीचा हात पकडला, इतका घट्ट की बांगडी पिचली, आणि पुढचा भाग उचलला. आवाज आधी रडका होता, मग तो सापडला. तिनं हळद लावली, गालाला, हाताला, पावलाला. आशीर्वाद मागितला. नातीसाठी मागितला, हितेशसाठी मागितला, आणि मध्येच त्या कुठल्याकुठं हरवलेल्या खोट्या नवरीसाठीही मागून टाकला, असू दे म्हणून. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला त्याच्या ठिकाणी पोचवलं. कुणाला घाई नव्हती. अनिता डोळ्यांतलं पाणी न पुसता हळदीचा हात पुढं करून आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.

धवला संपला तेव्हा इंदुबाईच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. त्या मालिकेला शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा हे तिला काही केल्या समजेना. मालिकेनं तिचा धवला नासवला होता आणि मालिकेनंच तो या पोरींच्या तोंडी घातला होता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?

तेवढ्यात दिशा गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली. तिचे डोळे लकाकत होते.

“आजी, हे पुढचं कुठल्या सीझनमध्ये आहे? मी कसं बघितलं नाय?”

इंदुबाईला हसावं की रडावं कळेना. “कुठल्याच नाय गो,” ती म्हणाली. “बस हिथं. पहिल्यापास्नं सांगते.”

आणि दिशा खरंच बसली.